पानावरचं वजन

बाळांनो, एक पान डोळ्यांपुढे आणा. पिंपळाचं नाही, वडाचंही नाही. बैलगाडीचं चाक आडवं करून पाण्यावर ठेवलं तर जेवढं दिसेल तेवढं पान. त्याला ताटासारखी चार बोटं उंच कड आहे, आणि कडेला एके ठिकाणी खाच आहे, पावसाचं पाणी साचून राहू नये म्हणून झाडानं स्वतःच ठेवलेली. वरून पान हिरवं आणि गुळगुळीत, खालून मात्र जांभळट, जाड शिरांचं जाळं असलेलं, आणि त्या शिरांवर बोरीसारखे काटे. आता त्या पानावर एक मुलगी बसवा. तिच्या अंगात झालरींचा फ्रॉक आहे, केसांना रिबीन आहे, आणि ती तुमच्याकडे बघते आहे. आली डोळ्यांपुढे? मग मला सांगा, ती किती वर्षांची आहे. घाई करू नका, नीट बघून सांगा. मी थांबतो.

तुम्ही पाच म्हणाला असाल तर तुमच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या दोन बायकांवर, आणि तोही खरं म्हणजे त्यांच्यावर नाही, पण त्या दिवशी समोर त्याच होत्या. गेल्या महिन्यातल्या शनिवारची गोष्ट. मिरजगावाजवळच्या आमच्या शाळेची सकाळची शाळा सुटल्यावर मी एस. टी.नं नगरला घरी आलो होतो आणि चष्म्याची मोडकी काडी बसवून घ्यायला कापडबाजाराकडे निघालो होतो. वाटेत फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या काचेच्या कपाटात नेहमी नवराबायकोचे आणि पदवीचा झगा घातलेल्या मुलांचे फोटो असतात. मी तिकडे कधी बघत नाही. त्या दिवशी दोन बायका काचेशी उभ्या होत्या म्हणून मला रस्त्यावरून उतरून त्यांच्या बाजूनं जावं लागलं, आणि काचेत माझ्या शाळेतली साळू दिसली. हातभर मोठी केलेली, चौकटीत बसवलेली, पानावर बसलेली. एक बाई म्हणाली, "अगं, किती गोड. पाच वर्षांची असेल नाही?" दुसरी म्हणाली, "पाच कसली, चार. बघ ना, फुलासारखी हलकी आहे." मी म्हणालो, "नऊ." मला वाटलं मी मनात म्हणालो, पण त्या दोघींनी मागे वळून बघितलं. मी पुन्हा म्हणालो, "नऊ वर्षांची आहे ती. तेव्हा नऊ पुरी झाली होती." एकीनं दुसरीचं कोपर धरलं आणि दोघी पुढे निघून गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मोडका चष्मा हातात धरून रस्त्यात आकडा ओरडणाऱ्या म्हाताऱ्याजवळ कोण थांबेल.

स्टुडिओवाला बन्सी बाहेर आला. चांगला मुलगा आहे, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात होता. "दानीएल मास्तर, या की आत, चहा सांगतो," म्हणाला. मी म्हणालो, "बन्सी, हा फोटो काढून टाक." तो हसला. "काढून टाकू? मास्तर, ह्याला मुंबईला बक्षीस मिळालंय. लोक लांबून येतात, म्हणतात आमच्या बाळाचा अस्साच काढा." मी विचारलं, "पान कुठून आणतोस?" "पुठ्ठ्याचं केलंय," तो म्हणाला आणि मला आत घेऊन जाऊन दाखवलं. खरंच, भिंतीला टेकवून हिरवं रंगवलेलं पुठ्ठ्याचं पान उभं होतं, कडेला खाचसुद्धा होती. त्यावर एक गुबगुबीत बाळ बसवण्याची खटपट चालली होती आणि बाळाची आई खुळखुळा वाजवत होती. बन्सी माझ्या कानाशी म्हणाला, "फक्त एक अडचण होते. ही पोरं जड असतात, पुठ्ठा वाकतो." हे तो गंमत म्हणून म्हणाला. मी चहा न घेता बाहेर पडलो. काडी तशीच राहिली. पुढचे दोन दिवस मी चष्मा दोऱ्यानं कानाला बांधून घरात बसलो आणि मला अन्न गोड लागलं नाही. मनात एकच शब्द फिरत होता, हलकी. आपण किती सहज म्हणतो. हलकी फुलासारखी, हलकी पिसासारखी. जणू हलकं असणं ही काही कमावलेली गोष्ट आहे, जणू त्या पोरीनं ते नाचणाऱ्या बाईसारखं शिकून घेतलं होतं.

वजनाचं वेड मीच आणलं शाळेत, हे मला कबूल केलं पाहिजे. बहात्तर सालचा पाऊस गेला तेव्हा आमच्या शाळेच्या गावात एकशे तीस घरं होती, त्यातली निम्मी खडी फोडायच्या कामावर निघून गेली. मागं राहिलेल्या पोरांपैकी एकतीस माझ्या शाळेत यायची. अभ्यासासाठी येत होती असं मी म्हणणार नाही, मी रोज मूठभर भुईमुगाचे दाणे आणि गुळाचा खडा देत होतो. दाणे कुठून येत होते ते सोडा. पण मला शिकवलेलंच असं आहे की जे करतोस त्याचा उपयोग होतो की नाही ते मोजून बघ. मिशनच्या शाळेत आमच्या बाई शेंगांचं रोपसुद्धा दर सोमवारी फूटपट्टीनं मोजायला लावायच्या. म्हणून मी मिरजगावच्या बाजारातल्या मापाड्याकडून एक ताणकाटा मागून आणला, शाळेपुढच्या लिंबाला अडकवला, खाली गोणपाटाची झोळी बांधली आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकेका पोराला झोळीत बसवून वजन घ्यायला लागलो. पोरांना पाळण्यात बसल्यासारखी मजा वाटायची. मी आकडा मोठ्यानं वाचायचो आणि वहीत लिहायचो. वाढलं असेल तर म्हणायचो, "शाब्बास, पठ्ठे." कमी झालं असेल तर काही म्हणायचो नाही, नुसता "हं" म्हणायचो. तो "हं" किती वाईट होता हे मला तेव्हा कळलं नाही. आणि वजनं वाढायला लागली, बाळांनो. दर महिन्याला थोडी थोडी, पाव किलो, कधी त्याहून जास्त. भर दुष्काळात. रात्री कंदिलाशी मी ती वही उघडून बसायचो आणि मला वाटायचं, मूठभर दाण्यांनी हे केलं. मी आयुष्यात दोन-चार वेळाच स्वतःवर इतका खूश झालो असेन.

त्याच सुमाराला राहुरीकडच्या आबासाहेबांचं पत्र आलं. त्यांची माझी जुनी तोंडओळख होती, मोठे बागायतदार, दुष्काळ निवारणाच्या कुठल्याशा समितीवर होते. पत्रात लिहिलं होतं की आपल्या शाळेतल्या मुलांना एक दिवस बंगल्यावर घेऊन या, आमचं तळं दाखवतो, ट्रक पाठवतो. खाली लिहिलं होतं, सर्वांत कमी वजनाच्या पाच मुलांची नावं वजनासह आधी कळवावीत. त्याच्याही खाली, दुधाच्या भुकटीच्या केंद्राबद्दल समक्ष बोलू. तुम्ही असता तर काय समजला असता? मी तेच समजलो. सर्वांत अशक्त पोरांना आधी दूध, यापेक्षा सरळ गोष्ट काय असू शकते. मी वहीतून पाच नावं काढली, सुवाच्य अक्षरात लिहिली, आणि सर्वांत वरच्या नावाखाली लाल शाईची रेघ मारली. साळूबाई भिमाजी, वय नऊ, पंधरा किलो. ती रेघ मी पट्टी धरून मारली. मला अजून पट्टीचा थंडपणा बोटाला आठवतो. माणसाला आपली मोठी पापं आठवत नाहीत म्हणतात, माझं मला पट्टीसकट आठवतं.

त्र्याहत्तर सालचा मार्च. पहाटे ट्रक आला. एकतीस पोरं, मी आणि पाण्याचा एक डबा. नगरपर्यंत पोरं ओरडत होती, गाणी म्हणत होती. नगर सोडून राहुरीचा रस्ता लागला आणि एकेक करून गप्प झाली. दोन्ही बाजूला ऊस. हिरवं इतकं सलग त्यांनी पाहिलंच नव्हतं, मोठी पोरंसुद्धा विसरली होती. मच्छिंद्र नावाचं एक कार्टं होतं, जिभेला हाड नसलेलं, ते म्हणालं, "गुर्जी, ह्यांचा पाऊस येगळा असतोय व्हय?" मी त्याला कालवा, धरण, जमिनीतून झिरपणारं पाणी समजावून सांगितलं. ते सगळं ऐकून तो म्हणाला, "मंजी पाऊस त्योच, पन ह्यांनी धरून ठिवला." मी म्हणालो, साधारण तसंच. साळू ट्रकच्या फळीला धरून उभी होती. परकर-पोलकं घातलेली, गळ्याची हाडं दिसणारी, आणि एक हात सारखा कमरेवर. पोटात दुखतंय का विचारलं तर मान हलवली. ती कमी बोलायची. आई पहिल्या बाळंतपणात गेलेली, बाप खडीवर, ती चुलत्याकडे राहायची. पण तिच्यासारखं ऐकणारं पोर मला तीस वर्षांत मिळालं नाही. काही सांगायला लागलं की तिचे ओठ माझ्याबरोबर हलायचे.

आणि तळं. मला त्या तळ्याबद्दल वाईट बोलता येत नाही, हाच माझा घोटाळा आहे. घडीव दगडाची गोल बांधणी, कालव्याच्या पाझरानं तुडुंब असलेल्या विहिरीतून संथ पडणारं पाणी, आणि त्या पाण्यावर सतरा पानं. मी मोजली. कलकत्त्याहून बी आणवलं होतं म्हणे. मधे एक फूल, रात्री पांढरं उमललेलं आणि आता गुलाबी होऊन बसलेलं, पोराच्या डोक्याएवढं. पोरं काठावर ओळीनं बसली. मग हळूहळू त्यांना बाकीचं दिसायला लागलं. खांबावरचा खंड्या, तो सूर मारून मासोळी घेऊन आला तेव्हा एकदम हुंकार उठला. दगडावर ऊन खाणारं कासव. पानांच्या मधून मान वर काढून चाललेली दिवड, तिला बघून दोघी किंचाळल्या, आणि मी सांगितलं की ही बिनविषारी असते, बेडूक खाते, हिला मारायचं नसतं. लाल चतुर पानाच्या कडेवर बसायचे आणि उडायचे. मग एका पानावरून दुसऱ्या पानावर चालत एक कमळपक्षी आला, तपकिरी, लांबलांब बोटांचा. मी पोरांना विचारलं, हा बुडत का नाही? साळू म्हणाली, "बोटं पसरल्याती." मी म्हणालो, शाब्बास. एका जागी भार दिला की पान खचतं, वाटून दिला की तरतं. पोरांनी आपापल्या हातांची बोटं पसरून जमिनीवर टेकवून बघितली. त्या अर्ध्या तासात मी दुष्काळ विसरलो. त्या पाण्याला हात लावू नये अशी पाटी होती, तीही पोरांनी वाचली आणि निमूट पाळली. माळी गहिनीनाथ, साठीचा, डोक्याला पांढरं मुंडासं, तो माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "मास्तर, तुमची पोरं लई गुनाची. सायबाचे पावने येतात त्ये पानावर दगड टाकून बघत्यात." मला अभिमान वाटला. मी मूर्ख होतो, पण त्या वेळी सुखी मूर्ख होतो.

आबासाहेब दुपारी आले. पांढरे कपडे, गोड बोलणं, पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवत. बरोबर बन्सी, गळ्यात कॅमेरा. "मास्तर, तुमची यादी फार कामाची निघाली," आबासाहेब म्हणाले. "कमळाच्या पानावर मूल बसवलेला फोटो विलायतेच्या पुस्तकात आहे. आपल्याकडे कुणी काढलेला नाही. आमची नात बसवून बघितली, सहा वर्षांची आहे, पण पान बुडायला लागलं. घाबरली बिचारी. म्हटलं हलकं पोर पाहिजे. मग तुमची आठवण झाली."  ते काही लपवत नव्हते, ते मला बातमी सांगत होते. माझी वही, माझी लाल रेघ, आणि ती कशासाठी मागितली होती हे मला आता कळत होतं, भर दुपारी, एकतीस पोरांच्या समोर. मी विचारलं, "आणि दूध?" ते म्हणाले, "होईल की. समितीत शब्द टाकतो. फोटो पेपरात आला की दुष्काळी भागाकडं लक्षही जाईल लोकांचं. सगळं एकमेकांत असतं, मास्तर." मच्छिंद्र मागून म्हणाला, "सायेब, तुमची नात काय खाती?" आबासाहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, "चलाख आहे पोरगा."

बंगल्याच्या ओसरीशी गुळाच्या भेल्या तोलायचा लोखंडी काटा होता. फोटोआधी एकदा खात्री करून घेऊ, पान बुडायला नको, असं आबासाहेब म्हणाले, आणि साळूला घरात नेऊन तयार करायला सांगितलं. नातीचा फ्रॉक तिला घालायचा होता. मी काही बोललो नाही. का बोललो नाही हे मी स्वतःला वर्षभर विचारतो आहे. दुधासाठी, हे उत्तर खरं आहे, पण पुरं नाही. मोठ्या माणसाच्या अंगणात उभं राहिलं की माझी जीभ जड होते, माझ्या बापाचीही व्हायची, हे उरलेलं उत्तर. थोड्या वेळानं आतून घरातली स्वयंपाकाची बाई, राहीबाई, बाहेर आली. पदराची ओटी धरलेली. ती सरळ माझ्यापाशी आली आणि ओटी उघडून दाखवली. आत खडे होते. नदीतले गोल, गुळगुळीत खडे. "मास्तर, पोरीच्या परकराच्या नेफ्यात शिवल्याले हुते," ती म्हणाली. "चौदा हायती. मी इचारलं का गं, तर म्हनती, गुर्जींला बरं वाटतं."

मी वर बघितलं तर पोरं माझ्याकडे बघत नव्हती. तीसच्या तीस पोरं दुसरीकडेच बघत होती, कुणी उसाकडे, कुणी पायांकडे. मच्छिंद्रचा हात खिशावर दाबलेला होता. मी त्याच्यापाशी गेलो आणि नुसता हात पुढे केला. त्यानं खिशातून काढून एक लोखंडी नट आणि दोन खडे माझ्या तळहातावर ठेवले. "आज काटा हाय म्हनला हुता तुमी," तो म्हणाला. आदल्या दिवशी वर्गात मी बोललो असेन, तिथं पुन्हा वजन बघतील, चांगलं भरलं पाहिजे. हं. म्हणजे पाच महिने. पाच महिने माझी पोरं दगड घालून झोळीत बसत होती आणि दर महिन्याला एखादा वाढवत होती, कारण मी शाब्बास म्हणायचो. माझ्या वहीत वाढलं होतं ते नदीतलं वजन होतं. दाण्यांनी काही झालं नव्हतं. पोरं वाळत चालली होती आणि मी कंदिलाशी बसून खूश होत होतो. आबासाहेबांना राहीबाईनं ओटी दाखवली. त्यांनी एक खडा उचलून हातात खेळवला आणि म्हणाले, "म्हणजे आणखी हलकी. बरंच झालं की." बाळांनो, मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला आपण काय म्हणालो हे कळतं. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, पानासाठी.

साळू बाहेर आली ती मला ओळखू आली नाही. गुलाबी फ्रॉक सहा वर्षांच्या पोरीचा, तिला सैल होत होता, मागून टाचण्या लावल्या होत्या. काट्यावर तिला उभं केलं. चौदाला काटा पोचला आणि थांबला. मी आकडा मोठ्यानं वाचला नाही. गहिनीनाथ धोतर वर खोचून पाण्यात उतरला, छातीपर्यंत पाणी होतं. त्यानं काठाजवळच्या मोठ्या पानावर जर्मनची पातळ परात ठेवली, वर एक हिरवा कपडा पसरला, म्हणजे फोटोत परात दिसू नये. मग साळूला खांद्यावरून नेऊन हळूच बसवलं. पान जरासं दबलं, कडेच्या खाचेतून पाणी आत आलं, आणि तरलं. काठावर टाळ्या पडल्या. बन्सी गुडघ्यावर बसून म्हणत होता, "हनुवटी वर. इकडं बघ. हस की गं, तुझ्या बापाचं काय जातंय." ती हसेना. तो मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल." ते मी केलं, बाळांनो. मी काठाशी गेलो आणि म्हणालो, "साळू, हस बाळ." आणि ती हसली. ते हसणं काचेच्या कपाटात आहे. त्या दोन बायकांनी जे बघितलं ते माझ्या सांगण्यावरून आहे. म्हणून मला त्यांचा इतका राग आला.

फोटो झाला. एक झाला, चार झाले. आबासाहेब म्हणाले, "झालं. उतरव तिला, गहिनी. चारला पाहुणे येतायत, त्यांच्यापुढे पुन्हा बसवू." गहिनीनाथ हात पुढे करून गेला. साळूनं मान हलवली. "चल बाई, सायेब बोलिवत्यात," तो म्हणाला. ती म्हणाली, "न्हाई." मग तिनं अंगाखालची परात हळूच बाजूला सारली, पाय दुमडले, आणि आडवी झाली. पान डोललं आणि पुन्हा स्थिर झालं. तिनं गाल त्या थंड हिरव्यावर टेकला आणि डोळे मिटले. बाहेर मार्चचं ऊन होतं, दगड पोळत होते. त्या सगळ्या आवारात थंड अशी तेवढीच जागा होती आणि ती तिच्या अंगाखाली होती. काठावरची पोरं ताठ उभी राहिली, जणू राष्ट्रगीत चालू आहे. एक मिनिट गेलं, दोन गेली. खंड्यानं पुन्हा सूर मारला, कुणी तिकडे बघितलं नाही.

"मास्तर," आबासाहेब म्हणाले, अजून गोडच होते, "उठवा तिला. फ्रॉक भिजतोय." मी उठवू शकत होतो. मी नाव घेतलं असतं तर ती उठून बसली असती, त्या पोरीनं माझं कधी मोडलं नव्हतं. माझ्या खिशात मच्छिंद्रचा नट होता आणि तो मी मुठीत धरला होता. मी म्हणालो, "झोपू द्या." त्यांना ऐकू आलं नसावं, म्हणून मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, वर्गातल्या आवाजात. "तिला कुणी उठवणार नाही, आबासाहेब. मी नाही, तुम्ही नाही. तिची झोप होईपर्यंत आम्ही सगळे इथं बसू." ते एक पाऊल पुढे आले. मग हळू म्हणाले, "आणि दुधाचं?" मी म्हणालो, "दूध द्यायचं असेल तर द्या. पण ते तिला त्या पानावरून उठवायचं भाडं असेल, तर नको." इतकं बोलून मी काठावर बसलो. पोरंही बसली. दूध पुढे आलं नाही, हे मी लपवत नाही. ज्येष्ठात खडीच्या कामावर सरकारी सुकडीचा खाऊ वाटायला लागले, त्यावर पोरं तगली, साळूही. तरीसुद्धा बरेच दिवस मला रात्री वाटायचं की मी एकतीस पोरांचं दूध माझ्या रागावर ओतून टाकलं, आणि हे चुकीचं आहे असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही.

आबासाहेबांनी गहिनीनाथकडे बघितलं. "उचल तिला," म्हणाले. गहिनीनाथ छातीभर पाण्यात पानाशेजारी उभा होता. तो एकदा मालकाकडे वळला, एकदा माझ्याकडे, आणि मग त्या पोरीच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला, जिथं टाचण्या सुटून फ्रॉक बाजूला झाला होता आणि मणके एकाखाली एक दिसत होते. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं. ते पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि तिच्यावर पसरलं, डोक्यापासून पायापर्यंत. म्हणाला, "ऊन लई हाय, सायेब."

ती झोपली होती की नव्हती, मला अजून माहीत नाही. तिनं हात बाहेर काढला, ते ओलं कापड तोंडावर ओढून घेतलं, आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून कूस बदलली.